नाक वर असलेलं जहाज



तुमच्या बाईंनी किंवा सरांनी तुम्हाला कधी चुकीचं उत्तर दिलंय का? थांबा, लगेच शेजाऱ्याला कोपराने ढोसून हसू नका! बाईही चुकतात आणि सरही चुकतात. आज मी तुम्हाला माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगणार आहे. त्या चुकीमुळे मला शंभर वर्षांहून जुन्या एका जहाजाची ओळख झाली. आणि हो, या गोष्टीत माझ्याकडून पाळायचा राहून गेलेला एक शब्दही आहे. तोही सांगणार आहे, लपवणार नाही.

माझी शाळा रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात, अगदी समुद्राकाठी आहे. शाळेच्या मागे सुरूची झाडं, झाडांच्या पलीकडे पुळण आणि पुळणीच्या पुढे समुद्र. हवा स्वच्छ असली की पलीकडे मुंबईच्या उंच इमारती दिसतात. मुंबई बंदरात येणारी-जाणारी जहाजं आमच्या समोरून जातात. त्यामुळे आमच्या मुलांना गणितातले पाढे नंतर येतात, जहाजांची नावं आधी येतात!

२०१५ सालचा हिवाळा होता. चौथीचा वर्ग मी पुळणीवर नेला होता. परिसर अभ्यासाचा तास होता, मुलं शंख-शिंपले गोळा करत होती. एवढ्यात कुणीतरी ओरडलं, "बाई, मैदान चाललंय!"

मी मान वर केली. खरंच, दूरवर एक लांबलचक, सपाट, राखाडी जहाज बाहेरच्या समुद्राकडे निघालं होतं. वर एका बाजूला एक उंच इमारत, बाकी सगळं मोकळं. मैदानच जणू.

"मालवाहू जहाज आहे ते," मी ठणकावून सांगितलं. "कंटेनर उतरवून रिकामं परत चाललंय."

वर्गातला एक मुलगा मात्र माझ्याकडे बघेना. तो एकटक जहाजाकडे बघत होता. त्याचे बाबा मासेमारीच्या बोटीवर जातात. तो हळूच म्हणाला, "नाय बाई. तिचं नाक वर हाय. मालाच्या बोटीचं नाक असं नसतंय."

आता खरं सांगू? मला राग आला. सगळ्या वर्गासमोर त्याने मला 'नाय' म्हटलं होतं ना! मी म्हणाले, "तुला जास्त कळतं का? चल, शिंपले मोज." तो गप्प बसला. वर्ग हसला. तास संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे बाबा शाळेच्या फाटकाशी उभे. मुलगा घरी काहीच बोलला नव्हता, फक्त त्या जहाजाबद्दल विचारत होता. बाबा साधेपणाने म्हणाले, "बाई, काल आम्ही बोट घेऊन येताना ती लढाईची बोट लांबून पाहिली. तिच्या वरच्या घरावर मोठ्या अक्षरांत आर आणि बावीस लिवलंय. पोरगा विचारतोय ती कुठली. तुम्ही सांगाल का त्याला?"

संध्याकाळी मी फोनवर शोधलं आणि माझे डोळे उघडले. 'आर २२' हा आय.एन.एस. विराटचा क्रमांक! भारतीय नौदलाची विमानवाहू युद्धनौका. मी तिला रिकामं मालवाहू जहाज करून टाकलं होतं. गंमत म्हणजे लहानपणी आमच्या शाळेची सहल मुंबईला गेली होती, तेव्हा मी विमानवाहू नौका आतून पाहिली होती. जुनी विक्रांत. ती तेव्हा मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. पण त्या दिवशी माझं निम्मं लक्ष डब्यातल्या बटाट्याच्या भाजीकडे होतं. पाहूनही न पाहणं म्हणतात ते हेच!

तिसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहिले आणि म्हणाले, "मुलांनो, परवा मी चुकले. ती विमानवाहू नौका होती. हा बरोबर होता. त्याला मी गप्प बसवलं, तेही चुकलं."

वर्ग एकदम शांत. तो मुलगा आपल्या पाटीकडे बघत राहिला. मग त्याने मान वर करून विचारलं, "बाई, पण तिचं नाक वर का हाय?"

मला उत्तर येत नव्हतं. पण या वेळी मी ठणकावलं नाही. म्हणाले, "शोधून सांगते." आणि वर उत्साहाच्या भरात आणखी एक वाक्य बोलून गेले, "शिवाय तुम्हाला ती नौका जवळून दाखवायला घेऊन जाते!" सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

तर मी शोधू लागले. आणि मला पहिला धक्का बसला तो विराटच्या जुन्या नावाचा. विराट मूळची ब्रिटनची. तिचं बांधकाम १९४४ मध्ये सुरू झालं, १९५९ मध्ये ती ब्रिटिश नौदलात दाखल झाली आणि तेव्हा तिचं नाव होतं 'हर्मिस'. हर्मिस म्हणजे ग्रीक लोकांच्या पुराणकथांमधला देवांचा निरोप्या. त्याच्या पायातल्या जोड्यांना पंख असतात, त्यामुळे तो वाऱ्यासारखा धावतो.

आता गंमत पाहा. याच नावाच्या आधीच्या जहाजांपैकी दोघींचा विमानांशी संबंध होता. त्यातली थोरली तर विमान जन्मायच्या आधीची! ती १८९८ मध्ये पाण्यात उतरली. राइट बंधूंचं विमान उडालं १९०३ मध्ये. म्हणजे जिच्या नावात पंख होते, तिला खरे पंख फुटायला आणखी पंधरा वर्षं लागणार होती.

ही थोरली हर्मिस म्हणजे साधी युद्धनौका होती. लांबी सुमारे ११३ मीटर, कोळशावर चालणारी, अंगावर सहा इंची तोफा. अशा नौकेला क्रूझर म्हणतात. तिच्यात खास असं काही नव्हतं. पुढे तिच्यापेक्षा वेगवान, तिच्यापेक्षा भारी नौका निघाल्या आणि ती म्हातारी ठरू लागली. म्हाताऱ्या नौकेचं काय करतात? मोडीत काढतात. पण तिच्या नशिबात वेगळंच होतं.

त्या काळी विमान म्हणजे लाकडाच्या काड्या, कापड आणि तारा. पतंगाला इंजिन लावल्यासारखं! तरी काही धाडसी माणसांना वाटायचं, हे जहाजावरून उडवता येईल. १४ नोव्हेंबर १९१० रोजी अमेरिकेत यूजिन एली नावाच्या वैमानिकाने 'बर्मिंगहॅम' नावाच्या युद्धनौकेवर लाकडी फळ्यांचा उतार बांधून घेतला आणि त्यावरून विमान सोडलं. विमान आधी खाली गेलं, त्याची चाकं समुद्राला टेकली, पाण्याचे शिंतोडे उडाले, आणि मग ते वर चढलं.

दोनच महिन्यांनी, १८ जानेवारी १९११ रोजी, हा पठ्ठ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत उभ्या असलेल्या 'पेन्सिल्व्हेनिया' या जहाजावर उतरलासुद्धा! विमान थांबवायचं कसं? तर जहाजावर आडवे दोर ताणले होते आणि दोरांच्या टोकांना वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या. विमानाच्या पोटाखालचे आकडे दोरांत अडकले, पिशव्या घसटत गेल्या आणि विमान थांबलं. एलीने बुडू नये म्हणून अंगाभोवती सायकलच्या ट्यूबा गुंडाळल्या होत्या. आमच्याकडची मुलं पोहायला शिकताना ट्यूब घेतात ना, अगदी तसंच.

पण या झाल्या एक-दोन दिवसांच्या कसरती. प्रयोग झाला की फळ्या काढून टाकायच्या आणि जहाज पुन्हा आपल्या कामाला. विमानं कायमची बाळगणारं, त्यांना घेऊन समुद्रात दिवसेंदिवस राहणारं जहाज ही वेगळीच गोष्ट होती. ब्रिटिश नौदलाला ते करून पाहायचं होतं. त्यासाठी नवंकोरं महागडं जहाज कोण देणार! मग त्यांनी म्हातारी हर्मिस निवडली.

१९१३ च्या वसंतात तिच्यात बदल केले. नाळेवरची, म्हणजे अगदी पुढच्या टोकाची तोफ काढली. तिथे विमान धावण्यासाठी लांब फळी बांधली. विमानाला ऊन-वारा लागू नये म्हणून कॅनव्हासचा मांडव घातला. मागच्या बाजूचीही तोफ काढून तिथे दुसरा मांडव केला आणि विमान उचलून पाण्यात ठेवायला यारी बसवली. मे १९१३ मध्ये ती नव्या कामावर रुजू झाली.

हे वाचताना मला माझ्या त्या विद्यार्थ्याच्या आजोबांची होडी आठवली. आमच्या किनाऱ्यावर पूर्वी शिडाच्याच होड्या होत्या. मग इंजिनं आली. नवी होडी बांधायला पैसे कुणाकडे? आजोबांनी जुन्याच होडीच्या मागच्या भागात जागा करून इंजिन बसवलं. पंख्याच्या दांड्यासाठी भोक पाडलं, तर त्यातून पाणी आत! लोक हसायचे. आजोबा एका हाताने सुकाणू धरायचे आणि दुसऱ्या हाताने डबा घेऊन पाणी उपसायचे. पण वारा पडलेल्या दिवशी त्यांचीच होडी आधी किनाऱ्याला लागायची. मग हसणारेही इंजिन घ्यायला निघाले. हर्मिसची गत काहीशी अशीच.

तिच्यावर ठेवलेल्या विमानांपैकी एकाचे पंख मागे दुमडता यायचे, बगळा बसताना मिटतो तसे. ही मोठीच सोय होती, कारण जहाजावर जागा किती? आजही विमानवाहू नौकेवरच्या कितीतरी विमानांचे पंख दुमडतात, त्याची सुरुवात तिथली. २८ जुलै १९१३ रोजी कॉड्रॉन जातीचं एक विमान तिच्या पुढच्या फळीवरून धावत गेलं आणि हवेत उडालं. बाकीची बहुतेक उड्डाणं मात्र पाण्यावरूनच झाली. विमानाच्या पायांना चाकांऐवजी होडक्यांसारखे तरंगे असायचे. यारीने ते पाण्यात ठेवायचं, ते पाण्यावरून उडायचं, परत पाण्यावर उतरायचं आणि यारीने पुन्हा वर उचलायचं. समुद्र खवळलेला असला की सगळं ठप्प.

म्हणजे प्रयोग अर्धामुर्धाच जमला. पण त्यातून कळलं किती! समुद्रात विमान सांभाळता येतं, वरून शत्रूची जहाजं शोधता येतात, पण कापडी मांडव पुरत नाही, फळी तोकडी पडते आणि पाण्यावर भरवसा ठेवता येत नाही. या शिकण्याच्या जोरावर पुढची जहाजं झाली.

हर्मिसचं पुढे काय झालं? १९१४ च्या उन्हाळ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. हर्मिस विमानं पोचवण्याच्या कामाला लागली. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधल्या डंकर्क बंदरात विमानं उतरवून ती इंग्लंडकडे परत निघाली होती. वाटेत एका जर्मन पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडले. हर्मिस बुडाली. तिच्यावरच्या बहुतेक माणसांना वाचवता आलं, पण सगळ्यांना नाही.

तीन वर्षांनी तीच युक्ती पुन्हा, पण मोठ्या अंगाने केली गेली. 'फ्यूरियस' नावाची मोठी युद्धनौका बांधून होत होती. तिच्या नाळेवर एक प्रचंड तोफ बसायची होती. ती रद्द केली आणि तिथे विमानांसाठी लांब सपाट तक्ता केला. २ ऑगस्ट १९१७ रोजी एडविन डनिंग नावाचा वैमानिक चालत्या फ्यूरियसवर उतरला. चालत्या जहाजावर उतरलेला जगातला पहिला माणूस!

चालत्या जहाजावर उतरणं अवघड, असं तुम्हाला वाटेल. पण पतंग आठवा. वारा कमी असला की तुम्ही पतंग धरून वाऱ्याच्या विरुद्ध धावता, म्हणजे पतंगाला जास्त वारा मिळतो. विमानाच्या पंखांनाही वाराच हवा असतो. फ्यूरियस वाऱ्याच्या तोंडावर ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने धावत होती आणि समोरून वारा येत होता ताशी सुमारे ३९ किलोमीटरचा. दोन्ही मिळून ८७! डनिंगचं हलकं विमान जहाजाच्या वर जवळजवळ तरंगत राहिलं. खालचे लोक धावले, विमानाला लावलेले पट्टे त्यांनी हाताने पकडले आणि विमान खाली ओढून घेतलं. आपण पतंग उतरवून घेतो तसं.

पाच दिवसांनी, ७ ऑगस्टला, डनिंग पुन्हा उतरत होता. टायर फुटला, विमान कडेवरून समुद्रात पडलं आणि डनिंग गेला. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते. 'पहिला' म्हणून ज्याचं नाव आपण पुस्तकात एका ओळीत वाचतो, त्या ओळीमागे असं काही असतं.

फ्यूरियसच्या मधोमध उभी असलेली इमारत उतरणाऱ्या विमानांच्या आड यायची. नंतर तीही काढली आणि सगळं जहाज सपाट झालं. म्हणजे आमच्या मुलांनी पाहिलेलं ते 'मैदान' असं हळूहळू, एक-एक वस्तू काढत तयार झालं.

आणि मधली हर्मिस? ती १९२४ मध्ये नौदलात आली. ती दुसऱ्या कशाची बदलून केलेली नव्हती. पहिल्या कागदावरच्या रेघेपासून तिचा आराखडा विमानवाहू नौका म्हणूनच काढला होता. तिचं दैव मात्र विचित्र. ९ एप्रिल १९४२ रोजी, दुसऱ्या महायुद्धात, श्रीलंकेच्या बट्टिकलोआजवळ जपानी विमानांनी तिला बुडवलं. त्या दिवशी तिच्यावर तिचं स्वतःचं एकही विमान नव्हतं. पंख असलेल्या देवाचं नाव, आणि पंखच जवळ नाहीत!

तिसरी हर्मिस म्हणजे आपली विराट. आता मिळालं त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. हर्मिस आधी इतर विमानवाहू नौकांसारखीच सपाट होती. नाक वर नव्हतं! १९८० च्या सुमारास तिच्यात बदल करून नाळेवर वर चढत जाणारा उतार बांधला. कारण तिला 'सी हॅरियर' ही नवी विमानं मिळणार होती. हे विमान थोडंसं धावून उडायचं आणि उतरताना हवेत थांबून सरळ खाली यायचं. धावता धावता चढ आला की विमान वरच्या दिशेला फेकलं जातं. घसरगुंडीच्या शेवटी वळण वर उचललेलं असेल तर तुम्ही कसे उडाल, तसं. मग थोड्या जागेत जास्त ओझं घेऊन उडता येतं. १९१३ च्या हर्मिसवर खाली उतरती फळी होती, १९८० च्या हर्मिसवर वर चढता उतार. जागा तीच, जहाजाचं नाक!

ही हर्मिस भारताने १९८६ मध्ये घेतली, आणि १२ मे १९८७ रोजी ती 'विराट' म्हणून आपल्या नौदलात आली. तिचं ब्रीदवाक्य होतं 'जलमेव यस्य, बलमेव तस्य'. ज्याचं पाणी, त्याचं बळ. आमच्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात, खांदेरीच्या दगडांवर हे वाक्य न लिहिताच लिहिलेलं आहे. शिवाजी महाराजांनी हे ओळखलं म्हणून हे जलदुर्ग उभे राहिले आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या गलबतांनी याच पाण्यात दरारा बसवला.

हे सगळं शोधून मी वर्गात सांगितलं. मुलांनी चित्रं काढली. त्या मुलाने पुठ्ठ्याची विराट केली, नाक वर असलेली. पण माझं दुसरं वाक्य? "जवळून दाखवायला घेऊन जाते"?

डिसेंबरात नौदल दिनाच्या सुमारास मुंबईत काही युद्धनौका मुलांना पाहायला खुल्या करतात. चौकशी करायची, अर्ज करायचा, लाँचचं भाडं जमवायचं. करू, करू म्हणता म्हणता परीक्षा आल्या. तो वर्ग पाचवीला दुसऱ्या शाळेत गेला. मी म्हटलं, पुढच्या वर्षी जुन्या मुलांनाही बरोबर घेऊ. पुढच्या वर्षी दुसरंच काहीतरी निघालं. आणि ६ मार्च २०१७ रोजी विराट निवृत्त झाली. कुणी अडवलं नव्हतं मला. मीच केलं नाही.

तिचं संग्रहालय व्हावं अशा योजना पुढे आल्या. मला वाटलं, चला, अजून वेळ आहे. पण एकही योजना तडीस गेली नाही. १९ सप्टेंबर २०२०, शनिवार. करोनामुळे शाळा बंद होती. बातमी आली की विराटला ओढून गुजरातमध्ये अलंगला नेणार, मोडायला. मी तोंडाला मास्क लावून पुळणीवर गेले. थोड्या अंतरावर आणखी दोघं उभे होते. तो मुलगा आणि त्याचे बाबा. मुलगा आता नववीत होता, मिसरूड फुटलेली.

दूरवरून ती आली. स्वतःच्या इंजिनावर नाही, दुसऱ्या बोटीच्या दोराने ओढली जात होती. आम्ही तिघं गप्प उभे होतो. मी म्हणाले, "तुला जवळून दाखवते म्हटलं होतं मी. नाही दाखवली."

तो काही बोलला नाही. मग थोड्या वेळाने म्हणाला, "बाई, नाक अजून वरच हाय."

मुलांनो, त्या दिवसापासून माझ्या वर्गात भिंतीवर एक वही टांगलेली असते. तिचं नाव 'शब्दवही'. मी मुलांना जे कबूल करते ते मुलंच त्यात लिहितात, तारीख घालून. पूर्ण झालं की खूण करतात. काही ओळी अजून खुणेवाचून आहेत, पण मला त्या रोज दिसतात.

आणखी एक गोष्ट या जहाजांनी मला शिकवली. कुणी जुन्या वस्तूला ठोकून-ठाकून काही नवं करत असेल, आणि ते वेडंवाकडं दिसत असेल, गळत असेल, अर्धवट चालत असेल, तर हसू नये. थोरली हर्मिस तशीच दिसत असणार, तोफेच्या जागी फळी आणि वर कापडी मांडव! पण ती नसती तर पुढच्या सपाट नौकांना कुणाकडे बघून शिकता आलं असतं? आणि ही युक्ती जुनीही होत नाही. आपल्या नौदलात १६ नोव्हेंबर २०१३ रोजी आलेली विक्रमादित्य मूळची रशियन. तिच्या नाळेवर आधी क्षेपणास्त्रं होती. ती काढून तिथे वर चढणारा उतार बांधला. शंभर वर्षांनी पुन्हा तेच: पुढचं हत्यार बाजूला करा, विमानाला वाट द्या!

मधल्या हर्मिससारखी, पहिल्या रेघेपासून आपणच काढलेली नौकाही आता आपल्याकडे आहे. नवी विक्रांत. २६२ मीटर लांब, कोचीच्या गोदीत बांधलेली, २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेली. त्याच दिवशी नौदलाला नवा ध्वज मिळाला आणि त्यावरची अष्टकोनी आकृती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली आहे. तिचंही नाक वर आहे, बरं का!

तो मुलगा आता आय.टी.आय.मध्ये वेल्डिंग शिकतोय. मागच्या गणपतीत भेटला. हातावर ठिणग्यांचे बारीक डाग. त्याने विचारलं, "बाई, नवी विक्रांत कोचीला बांधली ना? तिथं कामाला लागायचं तर काय करावं लागतं?"

मला उत्तर येत नव्हतं. मी म्हणाले, "शोधून सांगते."

या वेळी मात्र त्याच आठवड्यात शोधून सांगितलं. शब्दवहीत खूण आहे.

तुमची,
किनाऱ्यावरच्या शाळेतली बाई